आईच्या नावावर रेघ

सरांनी पेन्सिलने 'माय मदर'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'द रिस्पॉन्डंट'. म्हणजे माहिती देणारी व्यक्ती. मी शुभांगीच्या शेजारीच बसले होते. तिचा प्रकल्प होता, गावचा आठवडी बाजार कसा मोडला. त्या बाजारात तिची आई बांगड्या भरायची, त्यामुळे सगळी माहिती आईचीच.

"कॉलेजच्या इंग्लिशमध्ये आई-बिई चालत नाही," सर म्हणाले. "जरा लांबून लिहायला शीक."

लांबून! जिचं बोट धरून बाजार पाहिला, तिच्याकडे लांबून कसं बघतात, ते तेवढं सरांनी शिकवलं नाही. तेव्हापासून ही भाषा माझ्या डोक्यात जाते. चपला काढाव्यात तशी आपली माणसं दाराशी काढून ठेवा आणि मग आत या, म्हणते. आणि आम्ही मेले येतोही मुकाट्यानं, कारण मार्क आतच मिळतात.

सादरीकरणाला शुभांगीची आई आली. ठेवणीतली साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली. शुभांगीनं न अडखळता वाचलं. सर 'एक्सलंट' म्हणाले. सगळ्यात जोरात टाळ्या आईच्या.

बाहेर आल्यावर आईनं हळूच विचारलं, "माझं नाव घेतलंस का गं त्यात?"

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"घेतलं की. सारखं तुझंच."

आईचे डोळे भरून आले. पदर सावरत ती लगबगीनं पुन्हा आत गेली, सरांच्या पाया पडायला.