द्वारका वन्संची फिरती खोली

मंजीचा फोन आला तवा मी मागच्या पडवीत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसले व्हते. मंजी माझी मुलगी. ती अलिबागच्या दवाखान्यात आत्याजवळ व्हती. फोनवर धड बोललीच न्हाय, नुसता श्वास ऐकू येत व्हता, आन मला कळलं... द्वारका वन्सं गेली. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी सोडे झाकून ठेवले, हात धुतले, देवाफुडं दिवा लावला. मला रडू लवकर येत न्हाय. आमा दोघींनाबी कधी यायचं न्हाय. आदल्या दिवशी तिला रिक्षात बसवताना तिनं माझा हात धरला व्हता. मला वाटलं, कायतरी शेवटचं सांगेल. तर म्हणाली, "हिरे, उनं फिरली की झडप सरकव." बाजूच्यांना वाटलं म्हातारी बरळतेय. ती बरळत नव्हती. त्या झडपेमागं काय हाय ते सांगावं म्हणून नातीला समोर बसवलंय. मी सांगते, ती लिहिते. मी दुसरीच्या फुडं शाळा बघितली न्हाय.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या थोडं मागून माझं लगीन झालं. आमचं गाव रेवसच्या अलीकडं, खाडीला लागून. सासरे होड्या बांधायचे, पण मी आले तवा ते वारले व्हते. नवरा मुंबईला गोदीत लागला, होळी-गणपतीला यायचा. घरात सासूबाई, मी आन वन्सं. वन्संचा नवरा खलाशी व्हता, त्याचं गलबत परत आलं न्हाय. ती माहेरी आली ती कायमची. येताना कपड्यांचं बोचकं आणलं, आन आल्याबरोबर बापाची हत्यारं माळ्यावरनं काढून तेल लावून ठेवली. बापानं तिला लाकूड तासायचा वाकस कधी हातात धरू दिला न्हाय, फळी धरायला मात्र तीच असायची. फळी धरता धरता तिनं सगळं बघून ठेवलं व्हतं.

आमी दोघी मिठागरावर जायचो. थंडी सरली की बांधावर, ते पाऊस येईतो. मिठागर गावापासनं लांब, मधे खाडीचं पाणी भरलं की दुपारी घरी येता येत न्हाय. सावलीला झाड न्हाय. वर ऊन, खाली मीठ, पायाला चिरा. आन बांधावर खोपटं घालायची बंदी. मुकादमाचा नियमच व्हता. खुंट ठोकला की भोक पडतं, भोकात खेकडा शिरतो, खेकड्यामागनं पाणी, आन उधाणाला बांध फुटतो. खोटं नव्हतं ते. बांध फुटला तर सगळ्यांच्या कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, वाहून जायच्या. म्हणून कुणी खुंट ठोकायचं न्हाय, झोळीसुद्धा टांगायची न्हाय. माझं पहिलं लेकरू मी टोपलीच्या सावलीत निजवायचे. टोपलीची सावली ती केवढी. वैशाखात त्याला ताप भरला, आन ते गेलं. त्यावर मी जास्त बोलत न्हाय.

मंजी झाली तवा सासूबाई म्हणाल्या, यंदा हिरीनं मिठागरावर जायचं न्हाय. त्यांचंबी बरोबर व्हतं. पण एका माणसाला कोंड्या झेपत न्हाईत, आन एक हंगाम सोडला की मुकादम त्या दुसऱ्याला देणार. दुसरं पोट भरायचं साधन नव्हतं. अंगावर पिणारी पोर घरी ठेवता येईना, बांधावर नेववेना. दोन-चार दिवसांनी वन्सं अंगणात काटकीनं रेघा मारताना दिसली. मी इचारलं काय करतेस. म्हणाली, "खुंट ठोकायचा न्हाय ना? मंग चाकावर घर करू."

बैलगाडी बांधावर चालत न्हाय. चाकाच्या लोखंडी धावेनं माती कापली जाते. म्हणून हलकं पायजे, इतकं हलकं की दोन बायांनी वढावं आन बांधाला कळू नये. वन्सं चौलला गेली. तिथं एका वाडीच्या कुंपणाचे पांगारे तोडले व्हते, ते तिनं मागून आणले. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की कापसागत हलकं, कोळी त्याचे जाळ्याला तरंगे करतात. त्याच्या तिनं पातळ फळ्या काढल्या. रेवसच्या एका तांडेलानं फाटलेलं शीड दिलं, त्याची होडी तिच्या बापानं बांधलेली व्हती. बांबूच्या कामट्या वाकवून तिनं उपड्या होडीसारखा सांगाडा केला. मधे पांगारा, आतनं शिडाचं कापड, बाहेरनं शिडाचं कापड, तिन्ही एकमेकाला चिकटवलेलं. कापडाला वजन न्हाय, फळीला वजन न्हाय, पण एकत्र झालं की वाकत न्हाय. चाकं आंब्याच्या लाकडाची, जात्यासारखी जाड, वर काथ्याची दोरी गुंडाळलेली, म्हणजे माती कापायची न्हाय. सासूबाई उंबऱ्यात बसून बोलायच्या, "बापानं होड्या बांधल्या, लेक कोंबड्यांचं खुराडं बांधतेय." वन्सं म्हणायची, "कोंबडी तुझीच नात हाय, आये."

पण पहिल्या वेळी चुकलंच. कापड चिकटवायला आमी चिंचोक्याची खळ केली व्हती. घरोघर तीच असायची. दोघींनी चिंचोके भाजून, दळून, घमेलंभर खळ शिजवली. भिंती सुकून कशा टणटणीत झाल्या! मी बोटानं वाजवून बघितल्या. आन एका सकाळी बाहेर येऊन बघतो तर शेजारणीची म्हस खोलीला लागलेली. खाऱ्या वाऱ्यानं कापडाला मीठ चढलेलं, खाली गोड खळ... तिनं एक अख्खी भिंत चाटून कापडासकट खाल्ली व्हती. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मला मात्र हसू येईना, कारण हंगाम तोंडावर आला व्हता, कोंड्यांत पाणी घेत व्हते. मी म्हणाले, वन्सं, आता राहू दे. ती म्हशीकडं बघत व्हती. म्हणाली, बरं झालं हिथंच खाल्ली, बांधावर दवानं विरघळली असती. ज्यानं होडीत पाणी शिरत न्हाय तेच लावायला पायजे व्हतं, मी स्वयंपाकघरातलं लावत बसले.

मंग तिनं राळ आणली. माशाच्या तेलात राळ शिजवायची, गरम गरम कापडावर ओढायची. शिजवताना भडका उडाला, तिचा डावा हात मनगटापर्यंत पोळला. कोरफडीचा गर लावला, फडकं बांधलं, आन उजव्या हातानं काम चालू. वास असा की गल्लीतनं माणसं नाक धरून जायची. पण वाळल्यावर त्या भिंतीवर पाणी वतलं तर आळवाच्या पानावरनं ओघळावं तसं ओघळलं.

बांधावर नेली त्या दिवशी सगळी मिठागरवाली काम टाकून आली. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा. त्यानं नुकताच ओला चिखल लिंपलेला बांध दाखवला आन सांगितलं, याच्यावरनं वढायची, चाकोरी पडली तर तशीच माघारी न्यायची. आमी वढली. वन्सं फुडं, मी मागं. मंजी पाठीला बांधलेली. मी खाली बघितलंच न्हाय. तर मुकादम म्हणतो, रिकामी कुणीबी वढेल, माणसं आत असली की बघा. वन्संनं दोरी खाली ठेवली न्हाय. म्हणाली, "मंग बसा की तुमी."

मुकादम चांगला भरलेला गडी. लोक हसायला लागले, त्यामुळं त्याला न्हाय म्हणता येईना. वाकून आत शिरला, मांडी घालून बसला. आमी दोघींनी बांधाच्या टोकापर्यंत नेला आन परत आणला. मंग सगळे वाकून चिखल बघायला लागले. बगळा चालून गेल्यावर उठतं तसं जरासं उठलं व्हतं, बाकी काय न्हाय. मुकादम काय लवकर बाहेर येईना. आतनंच म्हणाला, "बाय, गार हाय गं हिथं."

त्या उन्हाळ्यात मंजी त्या खोलीत निजली, रांगायला लागली, दार धरून उभी ऱ्हायली. आन वन्संचं एक काम वाढलं. घडीघडीला हातातलं मीठ वढायचं दाताळं ठेवून ती बांधावर यायची आन खोली फिरवायची. सकाळी दार पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. उनं जिकडं जातील तिकडं खोलीची पाठ. मला म्हणायची, तू मीठ वढ, उन्हाचं मी बघते. मंजीच्या अंगाला घामोळंसुद्धा आलं न्हाय. ताप आला न्हाय. पाऊस पडला तवा तिला कडेवर घेऊन मी घरी आले... एवढंच सांगते.

फुडच्या वर्षापासनं दुसऱ्या बाया मागायला आल्या. ज्यांच्या घरी तान्हं व्हतं त्यांना वन्संनं खोल्या करून दिल्या. एका हंगामात बांधावर सगळीकडं उपड्या होड्याच होड्या दिसायच्या. राळेचा वास घेतला की ती पोरं आता म्हातारी झाली तरी हसतात. फुडं मिठागरंच कमी झाली, आमची खोलीबी जुनी झाली. चाकं चुलीत गेली. एक भिंत तेवढी वन्संनं ठेवली. मागच्या पडवीला आडवा बांबू बांधून त्याच्यावर ती अडकवली, सरकती. तीच ही झडप. खाली तिचं बाजलं.

थोड्या वर्षांमागं मंजीनं आमा दोघींना रेवसच्या धक्क्यावर नेलं व्हतं. तिथं नवी फायबरची होडी लावलेली. वन्सं काठी टेकत गेली, होडीवर हात फिरवला, बोटांनी वाजवली. तिथल्या पोऱ्यानं सांगितलं, आजी, आत फोम हाय, दोन्ही अंगांनी फायबर, म्हणून हलकी. वन्संनं मान डोलावली. म्हणाली, "आमी पांगारा घातला व्हता." तो पोऱ्या माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, खरं हाय ते. दिवसभर माझी छाती भरून व्हती, अजून भरते.

तेराव्याला मंजी आली व्हती. बाजलं उचलून माळ्यावर ठेवूया का म्हणाली. मी नको म्हणाले. पावणेरावळे गेले, घर गप झालं. मी सोडे सुपात घेऊन परत पडवीत बसले. दुपार कलली, आन उनं पडवीत शिरून बाजल्याच्या पायथ्याशी आली. मी उठले. झडप सरकवली. भिंतीवरची राळ अजून हाताला गुळगुळीत लागते. सावली हळूहळू बाजल्याच्या पायथ्यापर्यंत आली, तवा मी खाली बसून उरलेले सोडे निवडले.