काळ्या घेवड्याचं पाणी

आधी मूर्खपणाची कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, कॉव्हेंट्रीहून स्कॉटलंडला जाताना, रस्त्याकडेला गाडी थांबवली असताना मी डिकीतला स्टीलचा डबा उघडला. आत काळा घेवडा भिजत होता. त्याचं शाईसारखं पाणी पाहून मी नाक मुरडलं आणि सगळं गवतात ओतून दिलं. वर पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने घेवडा तीनदा धुतला. नागपूरला आमच्या घरी कडधान्य भिजवलेलं पाणी कोणी ठेवत नसे. पोटात वायू धरतो, असं आई म्हणायची. आईचं ते एक वाक्य घेऊन विलायतेला आलेली ही बया स्वतःला फार सुगरण समजत होती. पलीकडच्या चहाच्या व्हॅनवरून रफाएल दोन कप घेऊन परतला, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बघ, केवढी घाण होती त्यात!"

त्याने डब्यात पाहिलं, मग गवताकडे पाहिलं. "शालू, ती घाण नव्हती. माझ्या आईचा अख्खा स्वयंपाक होता तो," एवढंच म्हणाला आणि माझ्या हातात चहाचा कप देऊन गाडीत जाऊन बसला. संध्याकाळी तळ्याकाठी कॅम्पिंगच्या शेगडीवर त्याने तोच घेवडा शिजवला. घेवडा आणि भात एकत्र. एरवी त्या पाण्यामुळे जांभळट काळा होणारा तो भात त्या दिवशी आजारी माणसासारखा करडा दिसत होता. रफाएलने ताट पुसून खाल्लं, पण चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरच्या चव्वेचाळीस वर्षांतही नाही. ओरडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता... पण नाही. घरी परतल्यावर त्याने मला देवनागरीत चार शब्द लिहून मागितले, ते गिरवून गिरवून शिकला आणि डब्याच्या झाकणावर पक्क्या शाईने लिहून ठेवले: 'शालू, पाणी टाकू नको'. मराठीत त्याने आयुष्यभरात एवढंच लिहिलं.

रफाएल क्युबाचा. लहानपणीच मावशीबरोबर इंग्लंडला आलेला, पुढे कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात ड्राफ्ट्समन. मी त्याच शहरात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. आमचं जमलं तेव्हा नागपूरला थोडं वादळ झालं, पण आई इथे येऊन राहिली, जावई कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण तेलात परतून त्यावर जिरं घालतो हे तिने डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाली, "जिरं घालतो म्हणजे आपलाच आहे गं!" त्याची आई मात्र क्युबातच राहिली आणि तिथेच गेली. तिचा स्वयंपाक त्याने कुणाकडून शिकला नव्हता, जिभेने आठवून आठवून उभा केला होता. दोऱ्यासारखं सुटणारं मटण, लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसातलं कंदमूळ, तळलेली पिकली केळी आणि सगळ्यांच्या मधोमध काळा घेवडा.

आमच्या सहलीसुद्धा घेवड्याच्याच हिशेबाने चालायच्या. निघायच्या आदल्या दिवशी तो भिजत घालायचा आणि डबा डिकीत दोन उशांच्या मध्ये लेकरासारखा बसवायचा. मी शेजारी नकाशा घेऊन बसायचे. मी डावीकडे म्हटलं की हा उजवीकडे वळणार, हे ठरलेलं. पुढे गाडीत बोलून रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह आला, तर त्यातल्या बाईशीही भांडायला लागला! दर सहलीत मी वही काढायचे. "आज सांगच. तेल किती?" "पुरेल तेवढं." "शिजवायचं किती वेळ?" "वास येईपर्यंत." "कसला वास?" "आईच्या घरासारखा." आता सांगा, मी त्या घरात कधी पाऊल टाकलं होतं का? माझ्या वहीत सतरा पानं भरली आहेत आणि एकाही पानावर धड एक माप नाही. "घाई काय आहे? पुढच्या ट्रिपला सांगतो," हे मात्र सतरा वेळा आहे.

पुढची ट्रिप झाली नाही. सात आठवड्यांपूर्वी तो हॉस्पिटलमध्ये वरच्या मजल्यावर होता आणि मी खाली कार पार्कमध्ये तिकिटाच्या मशीनशी भांडत होते. नाणी घेत नाही, कार्ड वाचत नाही, ॲप टाका म्हणते. मी ॲप टाकलं, त्याने पासवर्ड मागितला. आमचा मुलगा आनंद, त्याचा फोन आला. "आई, जिथे आहेस तिथून वर ये. गाडी राहू दे." मी म्हटलं, "अरे, दंड लावतील!" ...हे वाक्य मी उच्चारलंय. तोंडाला कुलूप लावण्याची अक्कल तेव्हा त्या रस्त्याकडेला नव्हती, तशीच ती इथेही नव्हती. मी वर पोचले तेव्हा रफाएल गेला होता. त्या मशीनवर माझा अजून राग आहे, आणि त्याच्यावर तर त्याहून जास्त. थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं?

गेल्या रविवारी त्याचा वाढदिवस होता. आनंद आणि नात मैत्री जेवायला येणार होते. त्याच्या हातचा घेवडा त्या दिवशी टेबलावर हवाच, असं मी ठरवलं होतं. तो नाही जमला, तर चव्वेचाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून नुसता नकाशाच पाहिला, असं होईल. आदल्या आठवड्यात तीनदा करून पाहिला. एकदा करपला, एकदा कच्चा राहिला, तिसऱ्यांदा झाला तो सरळ नागपूरचा झाला. चौथ्यांदा शनिवारी भिजत घातला. रविवारी सकाळी चहा ठेवता ठेवता डबा उघडला, झाकण बाजूला उपडं ठेवलं आणि... आईने शिकवलेल्या या हातांनी, मला न विचारता, सगळं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. झाकण उलटून वाचलं तेव्हा पाण्याचा शेवटचा गुरगुराट चालू होता. मी त्या झाकणाला मराठीत, इंग्रजीत आणि त्याने शिकवलेल्या चार स्पॅनिश शब्दांत शिव्या घातल्या, मग ओट्याला टेकून रडले. दुकान गाठून पुन्हा भिजवायला वेळ नव्हता. तोच घेवडा शिजवला. भात करडा झाला.

सगळे जेवायला बसलो. आनंदने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पण तो आईपुढे काहीही खाईल. शेवटी मीच म्हटलं, "जमला नाही रे. पुन्हा पाणी टाकलं मी." मैत्री एकोणीस वर्षांची. तिचं मराठी तिच्या आजोबांच्या ड्रायव्हिंगसारखं, वळण चुकतं पण मुक्कामाला पोचतं. आजोबांना ती स्पॅनिशमध्ये 'आबुएलो' म्हणायची. तिने चमचा खाली ठेवला, ओट्यावरच्या त्या झाकणाकडे पाहिलं आणि हसायला लागली.

"आजी, हा तर स्कॉटलंडवाला आहे! आबुएलोने मला सांगितला होता ना, तू पाणी फेकला, मग त्याने बनवला, आणि तो त्याचा लाइफमधला बेस्ट होता. पण म्हणाला, शालूला सांगू नको हं, नाहीतर ती रोज फेकेल."