बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शिंप्याचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्याच्या बायकोनं बटणांचा कप्प्यांचा डबा अजून टाकलेला नाही. झाकण उघडलं की मशीनची खडखड ऐकू येते आणि गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकाला दटावणारा नवरा दिसतो. "कुठे काचतंय ते सांगा! आत्ता लाजाल आणि घरी जाऊन मला शिव्या द्याल."

आणि हाच माणूस डॉक्टरांपुढे तोंडाला कुलूप लावायचा! रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यावर त्यानं त्या पाकिटांतून सोडवल्या आणि बटणांसारख्या रंगवार लावल्या. गुलाबी एका कप्प्यात, पिवळ्या दुसऱ्यात. रोज प्रत्येक कप्प्यातली एक. काय ती टापटीप! तिलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

मग एकदा औषधवाल्यानं गुलाबीऐवजी पांढऱ्या गोळ्या दिल्या. यानं विचारलं नाही, पांढऱ्यांना नवा कप्पा दिला. गुलाबी अजून उरल्या होत्याच. थोड्याच दिवसांत कापड बेतताना त्याला घेरी आली आणि कात्रीसकट तो टेबलावर कोसळला. तिनं त्याला सावरून रिक्षात बसवलं.

दवाखान्यात ती डबाच घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर स्वारी म्हणते कशी, "ठणठणीत आहे."

आयुष्यभर मुकाट्यानं काजं करणारी ती कडाडली, "अहो, कुठे काचतंय ते सांगा की!"

तो ओशाळला आणि मग बोलला. सकाळी उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणाला. सुट्या गोळ्या कसल्या ते बाईंनाही कळेना. त्यांनी औषधवाल्याला फोन लावला. पांढरी आणि गुलाबी एकच औषध, फक्त कंपनी वेगळी. तो दुप्पट घेत होता.

"गोळ्या पाकिटातच ठेवा. रंग बदलला तर आधी विचारा," बाई म्हणाल्या. "अजून काही दिवस असंच चाललं असतं, तर मी काही करू शकले नसते."

तेव्हापासून तो इतकं विचारायला लागला, की त्याला येताना पाहून औषधवाला आधी पाणी पिऊन घ्यायचा. चांगला म्हातारा होऊन गेला तो. तिला मात्र ती वर्षंही कमीच वाटतात.

परवा त्याच दवाखान्यात बाईंनी तिला विचारलं, "कसं काय, आजी?"

"बरी आहे," असं ओठांवर आलंच होतं. तिनं सवयीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली, "नवी गोळी घेतल्यापासून पाय सुजतायत. आता घरी दटावायला कुणी नाही, म्हणून मीच सांगते."