देवीपुढे मांडलेली चाकं

माझ्या सासऱ्यांना बेंगळुरात अजून पुष्कळ लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या पैशाने कितीतरी बायकांची बाळंतपणं सुखरूप झाली, हे मी इतर कुणापेक्षाही जवळून पाहिलं आहे. पण तो शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं, आणि या वयात ते लपवून ठेवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घराणं चामराजपेटेतलं, किती पिढ्यांचं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा तरुणपणी एका मोटार कंपनीत कारकून म्हणून लागले. त्या काळी मोटारी मद्रासच्या बंदरातून लाकडी खोक्यांत सुट्या होऊन यायच्या आणि कँटोन्मेंटमधल्या शेडमध्ये जोडल्या जायच्या. अण्णांनी कोट काढून ते काम शिकून घेतलं, मग विक्री शिकले, आणि गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. कॉफीच्या मळ्यांचे मालक, वकील, डॉक्टर, सगळे त्यांच्या शब्दावर गाडी घेत. मी सून म्हणून घरात आले ती पन्नास सालानंतर. तेव्हा त्यांचा दरारा असा होता की त्यांनी चूक वेळ सांगितली तर लोक आपलं घड्याळ बदलून घेत.

खंडेनवमीला बेंगळुरात सगळेच आयुधपूजा करतात. गाडी धुतात, शेवंतीच्या माळा घालतात, चाकाखाली लिंबू चिरडतात आणि एक चक्कर मारून येतात. अण्णांच्या कंपनीत तसं नव्हतं. अष्टमीला शेडमधली प्रत्येक गाडी ठोकळ्यांवर चढायची, चाकं उतरायची, बॉनेट उघडं राहायचं, ब्रेक सुटे करून रॉकेलने धुतले जायचे. नवमीला चाकं, पाने, जॅक सगळं देवीपुढे मांडून पूजा. दशमीला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी एका पान्यालाही हात लावायचा नाही. “देवीला गाडी आतून दिसली पाहिजे,” असं ते म्हणत. त्या निमित्ताने वर्षातून एकदा प्रत्येक गाडी आतून तपासली जायची. अण्णांची भक्ती नेहमी अशी फायद्याची असे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी होसकोट्यात एक धर्मार्थ दवाखाना काढला, नुसत्या औषधपाण्याचा, आणि अडलेल्या रुग्णांना बेंगळुरात न्यायला त्याला एक अँब्युलन्स दिली. जुन्या व्हॅनवर स्वतः उभं राहून बांधून घेतलेली ती गाडी म्हणजे त्यांचं म्हातारपणचं अपत्यच होतं. आसपासच्या खेड्यांत तिला आसपत्रे गाडी, म्हणजे इस्पितळाची गाडी म्हणत. कंपनीतला त्यांचा जुना मेस्त्रीही त्यांनी दवाखान्यात आणून बसवला. कंपनीत जे जे होतं ते सगळं तिथे आलं, एक गोष्ट सोडून. कंपनीत गाड्या भरपूर होत्या. इथे एकच.

माझी धाकटी बहीण होसकोट्यापुढच्या एका खेड्यात दिली होती. नवरा शाळामास्तर, गरीब आणि भला. ते लग्न अण्णांनीच जुळवलं. आमचे आईवडील कधीच गेले होते, तेव्हा तिला माहेर म्हणजे मी, आणि मी म्हणजे अण्णांचं घर. तिला दिवस राहिले तेव्हा मी अण्णांना म्हटलं, “तिला बाळंतपणाला इकडे आणू या का?” तिची सासू कुरकुरत होती, बहिणीच्या सासरी कुणी बाळंतपणाला जातं का म्हणून. पण अण्णांनी एक शब्द टाकला असता तर तिने मुकाट्याने पाठवली असती. अण्णा म्हणाले, “कशाला उगाच? होसकोट्यात माझी गाडी उभी आहे. निरोप आला की तासाभरात पोरगी बेंगळुरात.” बहिणीलाही त्यांनी तेच सांगितलं. तिने विश्वास ठेवला. मोटारीच्या बाबतीत अण्णांवर विश्वास न ठेवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

सुईण म्हणाली होती, दिवाळीशिवाय नाही. त्या वर्षी नवमीला अण्णा मला दवाखान्यात घेऊन गेले, पूजेची तयारी करायला बाईमाणूस हवं म्हणून. माझे यजमान तेव्हा नोकरीच्या गावी होते. अँब्युलन्स ठोकळ्यांवर चढवली होती. शेजारी अण्णांची स्वतःची मोटार, तीही चाकं काढून. मी चाकांना गंध लावलं, पान्यांना हळदकुंकू वाहिलं, केळीचे खुंट बांधले. मेस्त्रीने कोहळा फोडला. चुरमुरे, फुटाणे आणि गूळ वाटून झाला, आणि सगळे पडवीत बसले होते.

भर दुपारी माझ्या बहिणीचा नवरा सायकलवर आला. शर्ट घामाने भिजलेला, धड बोलता येत नव्हतं. पहाटेपासून कळा येत होत्या, आता रक्त थांबत नव्हतं आणि सुईणीने हात टेकले होते. “गाडी,” तो म्हणाला, आणि मग त्याला ठोकळ्यांवरची गाडी दिसली.

मेस्त्री उठला आणि अण्णांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. अण्णा म्हणाले, “स्वल्प थांब.” त्यांनी दवाखान्याच्या शिपायाला बाजारात पिटाळलं, टॅक्सी नाहीतर लॉरी बघायला. मास्तरला सांगितलं, तू परत जा, बैलगाडी जुंपून तिला इकडे आणायला लाग, वाटेत मोटार गाठेल. सगळं कसं साहेबी पद्धतीने, आवाज न चढवता. ज्याला त्याला काम वाटून झालं, आणि गाडी होती तिथेच राहिली.

मी देवीपुढे गेले आणि एक चाक उभं केलं. ते जड होतं, पण घरंगळत नेता आलं असतं. मेस्त्री पुढे झाला. “अम्मा, मी घेतो,” म्हणाला.

“हात लावू नका,” अण्णा म्हणाले. “देवी बसलेली आहे. आजवर माझ्या शेडमध्ये हे झालेलं नाही. दुसरी गाडी येतेय.”

मी म्हटलं, “अण्णा, माझी बहीण मरेल.”

“अभद्र बोलू नकोस. ठेव ते खाली.”

मी ते खाली ठेवलं. सासऱ्यांसमोर एवढं बोलले होते, तेवढंच धाडस माझ्यात होतं.

दुसरी गाडी आली नाही. शिपाई बराच वेळाने हात हलवत परतला. लॉऱ्या होत्या, पण एकही ड्रायव्हर जागेवर नव्हता. पूजा उरकून सगळे आपापल्या घरी सणाला गेले होते. अण्णा फाटकापाशी उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले. त्यांच्यासमोर बोलायची कुणाला सवयच नव्हती.

ऊन उतरल्यावर बैलगाडी आली. खाली पसरलेलं गवत लाल झालं होतं. अण्णांनी आत एकदा पाहिलं, वळले, आणि देवीपुढचा पाना स्वतः उचलला. मग मात्र सगळेच धावले. अण्णा धोतर खोचून जमिनीवर बसले आणि कारकुनीच्या दिवसांत शिकलेल्या हातांनी ब्रेक जोडू लागले. ते काम त्यांना येत होतं, फार चांगलं येत होतं. दुपारीच हात घातला असता तर बैलगाडीची गरजच पडली नसती.

मी बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिने डोळे उघडले आणि विचारलं, “अक्का, गाडी कुठंय?” मी म्हटलं, “ही काय, आलीच.” तिच्यापासून ती चार हातांवर उभी होती.

गाडी निघाली, पण बेंगळूरच्या वेशीपाशी माझी बहीण गेली. मूल पोटातच गेलं होतं.

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर अण्णांना म्हणाले की लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. त्यांनी तिला जिवंत पाहिलीच नव्हती. पण अण्णांचे मित्र, नातेवाईक, माझे यजमानसुद्धा, सगळ्यांनी ते वाक्य उचलून धरलं आणि घरात ते देवाच्या आरतीसारखं रोज म्हटलं जाऊ लागलं. माझ्यासमोर म्हणत तेव्हा मी उठून आत जायची.

त्यानंतर अण्णा सुटलेच. कँटोन्मेंटमध्ये घेऊन ठेवलेला बंगला विकला आणि होसकोट्यात प्रसूतिगृह बांधलं. येलहंक्याकडे दुसरा दवाखाना काढला. आणखी गाड्या घेतल्या. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर माझ्या बहिणीचं नाव संगमरवरात कोरलं आणि उद्घाटनाला मला पहिल्या रांगेत बसवलं. मास्तर आलाच नाही. त्याने गाव सोडलं होतं.

आपल्या गाड्यांची पूजा करायची नाही, असा हुकूमही अण्णांनी काढला. नवमीला इंजिन चालू पाहिजे. पुढच्याच वर्षी खेड्यांतल्या बायका पूजा न झालेल्या गाडीत बसेनात. एकीच्या सासूने तिला गाडीतून खाली ओढली आणि ती घरीच बाळंत झाली, कशीबशी वाचली. तेव्हा अण्णांनी हुकूम मागे घेतला. एका गाडीची पूजा, दुसरी तयार, मग अदलाबदल. इतकं सोपं होतं ते. शहाणपण येतं, पण दुसऱ्याच्या जिवावर येतं.

साठ सालानंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची सगळी शुश्रूषा माझ्याकडे आली. भेटायला माणसांची रीघ असे. हार घेऊन येत, पाया पडत. एकदा दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

“खरं सांग. त्या दिवशी मी तुला चाक नेऊ दिलं असतं, तर ती वाचली असती?”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. सगळं गाव बोलत होतं, त्यात माझी एक भर पडली असती.

“होय, अण्णा,” मी म्हटलं. “वाचली असती.”

“सरी,” ते म्हणाले. बरं, एवढंच. आणि थोड्या वेळाने, “मग इतकी वर्षं माझं सगळं करतेस, ते कसं?”

“दुसरं कोण करणार?”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचा एक खांदा हलायला लागला, दुसरा हलत नव्हता. मी पाणी दिलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. माझ्या बहिणीसाठी ते पहिल्यांदाच रडत होते, आणि मला ते थांबवायचं नव्हतं.