आठांतला एकच कामाला

आंब्याच्या शेडमध्ये चार माणसं कामाला बसली की गोष्टी साठतात. आंबा तरी ट्रकने जातो. गोष्टी शेडमध्येच राहतात. म्हणून सांगून टाकतो. शाळा मी चौथीत सोडली. शेड मात्र माझी आहे.

सून मृदुला पुण्यात सॉफ्टवेअर करायची. या हंगामाला ती आणि मुलगा सतीश रत्नागिरीत आले. म्हणाली, "अप्पा, फोटो बघून आंब्याची प्रत लावणारा, पेटी आणि लेबल ठरवणारा प्रोग्राम करते. चालला तर आम्ही इथेच राहू. नाही तर पुण्याची नोकरी आहेच."

मी "बरं" म्हटलं. त्यांनी राहावं असं वाटत होतं. ते बोलायची मला सवय नाही.

*

नवं कॉम्प्युटरचं मशीन आलं. मृदुला म्हणाली, "यात आठ कोअर आहेत. काम करणारे आठ जण धरा."

"मग इतकं हळू का?"

"प्रोग्राम एकालाच काम देतो. बाकीचे बसून असतात. वाटून द्यायचं तर सगळं परत लिहायला हवं."

पेट्या भरणारी सुलोचना ऐकत होती. "काय वो अप्पा, आमी जरा टेकलो तर ओरडता. त्या सातांना कोण ओरडणार?"

*

मृदुलाने परत लिहिलं. पेटीवर लेबल मोठ्या फळाचं, आत फळ लहान.

"आठांतल्या दोघांना एकाच वेळी तीच पेटी रिकामी दिसली. दोघांनी घेतली."

"एकमेकांना विचारलं नाही?"

आमच्याकडे पेटी घेतली की बाई आधी आपल्या हाताने पेंढा घालते. पेंढा दिसला की दुसरी हात लावत नाही. हे मी सांगितलं.

"माहीत आहे, अप्पा. आम्ही त्याला लॉक म्हणतो. ते घातलं की परत हळू होतं."

मग आठ जण कशासाठी, ते मला कळेना.

*

लॉक घातलं. पडदा हलेना.

"एकाने पेटी धरलीय, त्याला लेबल हवंय. दुसऱ्याने लेबल धरलंय, त्याला पेटी हवीय. समोरचा सोडेल म्हणून दोघंही थांबलेत."

सतीश दारात होता. "म्हणजे अप्पा आणि मी."

मी त्याला ताडपत्री बघायला पाठवलं.

*

मी म्हटलं, "आठाचे सोळा आण."

"उपयोग नाही. फोटो काढणारा कॅमेरा एकच आहे. सगळे त्याच्यासाठीच थांबतात."

"मग आठ तरी कशाला घेतलेस?"

"दुकानात याहून कमीचं नव्हतं."

*

हंगामाचा शेवटचा ट्रक दारात होता. मृदुलाने प्रोग्राम चालवला. तेच फोटो घालून परत चालवला, तर प्रत वेगळी आली. तिसऱ्यांदा आणखी वेगळी.

"नाही जमत, अप्पा. हाताने लावा," म्हणाली आणि बसून राहिली.

बायका उठल्या. मी त्यांना खाली बसवलं.

ट्रकवाला आत आला. "अप्पा, कोणाची वाट बघताय?"

"आठ जणांची. त्यांचं एकमत होत नाहीये."

मृदुला हसली. खुर्ची पुढे ओढून परत कामाला लागली.

उन्हं कलल्यावर उत्तर दोनदा सारखं आलं. ते कशामुळे, ते तिने समजावलं. मी मान हलवली. ट्रक सुटला.

मग तिने पुण्याला फोन लावला. इंग्रजीत बोलली. मला काही कळलं नाही. फोन ठेवून म्हणाली, "अप्पा, इथे एक पंखा लावून द्याल?"

"मशीन तापतं?"

"मशीनला नको. मला."