मडगार्ड नसलेली सायकल

बाबूभाईंनी दोन फ्रेमी भिंतीला टेकवून ठेवल्या आणि हात पुसत म्हणाले, "बाई, इचार कसला करता? ही घ्या, बायकांची हाय. मधी दांडी न्हाई, साडीला बरी. आन सस्ती पन."

दुकानाबाहेर माणसं जमली होती. बेलापूर रोड स्टेशनजवळच्या सायकलीच्या दुकानात नर्स येऊन उभी राहते, हे त्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखं होतं. मला तिथून लवकर निघायचं होतं, पण चुकीची फ्रेम घेऊन निघायचं नव्हतं. मी वाकून पाहिलं. बायकांच्या फ्रेमला पेडलच्या वरच्या जोडापाशी रंग नवा होता. बाकी सगळीकडे जुना.

"इथे काय झालं होतं?"

"कुठं?"

मी बोट ठेवलं.

"ते व्हय. जरा डाग दिलाय. टाक्यावानी. तुमच्याकडं पोटाला टाके घालत्यात न्हाई का?"

"टाके घातलेल्या माणसाला आम्ही ओझं उचलू देत नाही."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. बाबूभाईही हसले आणि ती फ्रेम आत नेऊन ठेवली. मी पुरुषांची घेतली.

मी बेलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स आणि सुईण म्हणून काम करते. आठवड्यातून एकदा कालव्यापलीकडच्या वस्त्यांवर जाऊन गरोदर बायकांना तपासायचं, हे माझ्या कामात येतं. त्याला आम्ही फेरी म्हणतो. लढाईच्या दिवसांत आमचा टांगेवाला घोडा विकून कारखान्यात लागला आणि फेरी थांबली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, सायकल येते ना तुम्हाला? शाळेत शिकलात म्हणे."

शाळेच्या आवारात, फरशीवर शिकले होते. मी नुसती मान हलवली.

त्यांनी एक रक्कम मंजूर केली. तिच्यात नवी सायकल येणं शक्य नव्हतं, आणि तशीही ती कुठे मिळत नव्हती. विलायतेहून माल येणं बंद होतं. तेव्हा एकेक भाग गोळा करून सायकल बांधायची ठरली. डॉक्टरांनी वर एवढंच सांगितलं, "ही फेरी जमली तर ठेवू. नाही जमली तर कालव्यापलीकडचं बंद. इथे दारात रांग असते."

मला त्या फेरीतल्या एकाच वस्तीची काळजी होती. तिथे येसू नावाची मुलगी पहिलटकरीण होती. टांगा बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेरीत मी तिच्या पायावर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि बराच वेळ भरला नाही. गरोदरपणात पाय थोडे सुजतात. पण सुजेबरोबर लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक सत्त्व, उतरायला लागलं, तर पुढे झटके येण्याची भीती असते. झटके आले की आई आणि मूल दोघंही जाऊ शकतात. म्हणून अशा बाईची लघवी दर आठवड्याला तपासावी लागते. येसूची तपासणी आधीच चुकली होती.

पैसे थोडे असले की सगळं मध्यम प्रतीचं घ्यावं असं वाटतं. मी तसं केलं नाही. जे मोडलं तर मी रस्त्यात अडकेन, ते चांगलं घ्यायचं; बाकी जुनं चालेल, असा हिशेब धरला. चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, आणि आरे चांगले घेतले. टायर राहात्याच्या बाजारातून बाबूभाईंनी मिळवले. बाभळीचे काटे लक्षात घेऊन मी जाड टायर मागितले होते. मागच्या चाकाला जास्त दात्यांचं फ्रीव्हील बसवलं. मागे दाते जास्त असले की सायकल पळत कमी, पण चढाला आणि मऊ जमिनीत पायाला हलकी जाते. सीट जुनी, पेडल जुनी. हँडलवरचं निकेल उडालेलं होतं, ते तसंच ठेवलं.

"बाई, हँडल तरी चमकतं घ्या," बाबूभाई म्हणाले. "तोंडच काळं आसलं तर दागिन्याचा काय उपेग?"

"त्याला धरूनच बसायचं आहे, बाबूभाई. बघायचं नाही."

दोन गोष्टींत मात्र मी हात सैल सोडला. एक बेल. विकायला ठेवलेल्या बेलांमध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजाची होती ती घेतली. रस्त्यावरच्या लोकांना तोंडाने "बाजूला व्हा" म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण मडगार्ड आणि चेनकव्हर. आमचा युनिफॉर्म पांढरा. मधल्या दांडीमुळे पाचवारी साडीत बसता येईना, म्हणून दवाखान्यातल्या आयाने मला नऊवारी, काष्टा घालून नेसायला शिकवलं. तीही पांढरीच. पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं, ही कल्पना मला सहन होईना. मडगार्ड रुंद होती आणि चाकाला अगदी लागून बसली. बाबूभाईंना काम आवडलं. "आता शोभतीया," ते म्हणाले.

पहिल्या फेरीला थंडीचे दिवस होते. आभाळ कोरडं, रस्ता कोरडा. कालव्यापर्यंत सायकल चांगली चालली. बेलही दोनदा वाजवली.

कालवा ओलांडला की उसाचा भाग लागतो. तिथे पाण्याची पाळी असते. कालव्याचं पाणी ज्याच्या वाट्याला आलं, तो ते आपल्या उसात घेतो, आणि ऊस रस्त्याच्या पलीकडे असला तर रस्ताच आडवा उकरून घेतो. पाळी संपली की त्याने तो बुजवायचा असतो. बुजवत कुणीच नाही. त्यामुळे तिथे पावसाशिवाय चिखल असतो, आणि दर आठवड्याला वेगळ्या जागी. टांग्यातून जाताना हे मी पाहिलेलं होतं. सायकलचं सामान निवडताना मात्र आठवलं नव्हतं.

पहिल्या आडव्या पाटातून सायकल हातात धरून नेली. पलीकडे गेल्यावर बसले, तर चाक फिरेना. काळी माती ओली झाली की चाकाला धरते. उघड्या चाकाची माती फिरता फिरता गळून पडते. पण माझ्या मडगार्डमध्ये ती जात राहिली, दाबत राहिली आणि विटेसारखी घट्ट झाली. चेनकव्हरमध्येही तेच. काडीने उकरलं, थोडं पुढे गेले, पुन्हा अडकलं. शेवटी मागचं चाक उचलून सायकल ओढत नेली. उसाला पाणी देणारा एक म्हातारा बांधावरून पाहत होता.

"बाई, तुमी तिच्यावर बसायचं का तिनं तुमच्यावर?"

मी सायकल ओढत राहिले. बेल वाजवण्यात अर्थ नव्हता.

वस्तीवर पोचले तेव्हा दुपार कलली होती. येसूचं घर बंद. शेजारीण म्हणाली, "समदी लांबच्या रानात गेल्यात. तुमची लई वाट पाह्यली. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिशी तिचा भाऊ न्यायला येनार हाय. पहिलं बाळतपन माहेरी."

माहेर पार पूर्वेला, कोरड्या भागात होतं. बैलगाडीने दोन मुक्काम. तिथे जवळपास दवाखाना नव्हता. भाऊ तिला न्यायच्या आत माझी एकच फेरी होणार होती, तीही त्याच दिवशी सकाळी.

परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "गाठली का वस्ती?"

"वस्ती गाठली, सर. पेशंट नाही गाठला."

"मग काय उपयोग? आणखी एक फेरी बघा. नाहीतर कालव्यापलीकडचं आपल्याला परवडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि मडगार्ड, चेनकव्हर दोन्ही काढायला सांगितलं.

बाबूभाई पान्हा हातात धरून तसेच उभे राहिले. "समदं काढायचं? अवो बाई, सायकल नागडी दिसंल!"

बाहेरच्या लोकांनी हेही ऐकलं. माझे कान गरम झाले. "बैलगाडीच्या चाकाला मडगार्ड असतं का?" मी विचारलं.

"बैलगाडीत नर्स बसत न्हाई."

"टांगा असता तर इथेही नसती आली."

त्यांनी काढलं. बदल्यात मी नवी चेन घेतली. चिखलाने जुनीच्या कड्या ताणल्या होत्या. काढलेलं सामान त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं.

मग युनिफॉर्मचा प्रश्न आला. मी बाजारातून गडद हिरवं, जाडंभरडं लुगडं घेतलं आणि पांढरा एप्रन पिशवीत घातला. निघताना डॉक्टर व्हरांड्यात होते.

"सिस्टर, हा काय वेष?"

"एप्रन पिशवीत आहे, सर. वस्तीवर पोचल्यावर घालते."

"आणि रस्त्यात?"

"रस्त्यात पेशंट नसतात."

मी थांबले नाही.

पाट त्या दिवशी दोन जागी आडवे होते. दोन्हीकडे उतरले, सायकल पलीकडे नेली, बसले. चाकाने चिखल घेतला आणि टाकला. त्यातला बराचसा माझ्या पाठीवर टाकला. मानेपर्यंत गार थेंब आले. पण चाक फिरत राहिलं.

येसूच्या दारात गाडी उभी होती. बैल अजून सोडलेलेच होते. तिचा भाऊ चहा पीत होता. सासूने मला पुढून पाहिलं, मग वळसा घालून मागून पाहिलं.

"आगं बाई! म्हशीसंगं लोळून आलात का काय?"

"पाटातून आले."

"मंग बसा. आमी बी पाटातूनच येतो."

त्यापूर्वी तिने मला कधी बसा म्हटलं नव्हतं. "बाई पुस्तकावानी बोलत्यात" एवढंच ती माझ्याविषयी म्हणायची. मी हात धुतले, एप्रन घातला. येसूचा चेहरा सुजला होता. डोकं दुखतं, म्हणाली. मी लघवी मागितली. मग थोडा विचार केला आणि सासूकडेही मागितली.

"माझी कशाला? मी काय गरवार हाय का?"

भाऊ चहा सांडेपर्यंत हसला. पण तिने दिली.

ही तपासणी सोपी असते. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग उकळायचा, अॅसिटिक अॅसिडचे थेंब टाकायचे. अल्ब्युमिन असेल तर ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ होते. मला समजावून सांगणं नीट जमत नाही, म्हणून दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरल्या. सासूची पाण्यासारखी नितळ राहिली. येसूची ताकासारखी गढूळ झाली.

कुणी हसलं नाही. सासूने दोन्ही नळ्या जवळून पाहिल्या.

"ही तिची?"

"हो."

"आन हे बरं न्हाई."

"नाही. वाटेत झटके येऊ शकतात. दोन मुक्कामांची वाट आहे."

भाऊ म्हणाला, "आई तिकडं वाट बघतीया. पहिलटकरनीला माहेरी न्यायचं न्हाई, तर लोक काय म्हनतील?"

माझ्याआधी सासूच बोलली. "लोकास्नी ह्या दोन नळ्या दाव. बैल जुंप. गाडी बेलापूरला ने."

त्यांची गाडी माझ्यापुढे चालली. आडव्या पाटांत तिची चाकं चिखल घेत होती आणि टाकत होती. मी मागून सायकल हाकत होते.

येसूला दवाखान्यात ठेवलं. अंधाऱ्या खोलीत विश्रांती, अळणी जेवण, रोज तपासणी. झटके आले नाहीत. मूल दिवस भरायच्या आधीच झालं, मुलगी, वजनाला कमी. दोघी जगल्या. माहेरची माणसं बारशाला दवाखान्यातच आली. डॉक्टरांनी फेरी चालू ठेवली. लुगड्याविषयी ते नंतर काही बोलले नाहीत, फक्त एप्रन दोन करून दिले.

लढाई संपली, आता बाजारात नव्या सायकली दिसतात. मी हीच वापरते. कुणी नवीन नर्स सायकल बांधायला निघाली की मला विचारते, आधी काय बघायचं? मी सांगते, आधी रस्ता बघ, आणि तो तुझ्या आठवणीतला नको. जाऊन बघ. आपण कशा दिसू, ते पैसे उरले तर.

माझी मडगार्ड बाबूभाईंनी स्वतःच्या सायकलला बसवली आहेत. परवा कालव्यापलीकडे ते मला भेटले. रस्त्याच्या कडेला सायकल उलटी ठेवून काडीने चिखल उकरत होते. सायकल मात्र शोभत होती. मी बेल वाजवली आणि पुढे गेले.