पाठमोरा घोडा

१४ डिसेंबर, रविवार. तुरीच्या शेंगा सोलून डबा भरला आणि आदिलाबादच्या शाळेत महिलांच्या जलद बुद्धिबळ स्पर्धेला गेले. दर डावाला पंधरा मिनिटं. स्वयंपाक जेमतेम, पण खेळ बरा, असं माझ्याबद्दल घरी म्हणतात.

चौथ्या फेरीत समोर मंचेरियलची कॉलेजातली मुलगी. पांढरी मोहरी तिची. तिने दोन्ही कडेची प्यादी एकेक घर सरकवली, मग राजासमोरचं, तेही एकच घर. अशी सुरुवात कोणी करत नाही. आमचे बाबा करायचे. भाजीचा मळा होता. म्हणायचे, आधी कुंपण, मग पेरणी. ही सुरुवात त्यांनी आम्हा दोघी बहिणींनाच शिकवली. बाबा आता नाहीत. थोरलीचे कपडे तीस वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठावर सापडले. ती सापडली नाही. बाबांनी तेरावं उरकून टाकलं.

मुलीने माझा घोडा मारला आणि पटाबाहेर पाठमोरा उभा केला. मग प्यादं, तेही पाठमोरं. थोरली तसंच करायची. मेलेल्यांनी खेळ बघू नये, म्हणायची.

तिने उंटाचा शह दिला, मी तो मोडला. पुढे अडचणीत आले आणि हाताने आपोआप राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं टाकला. जुन्या देशी खेळात राजाला अशी एक उडी असते, शह बसायच्या आधी. स्पर्धेत ती नसतेच.

मुलीने पंचांना बोलावलं नाही. हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या राजाला मघाशी शह बसला ना. आता उडी नाही भेटत."

राजाला हात लागला होता, म्हणून राजाच हलवावा लागला. वजीर गेला, डावही गेला.

बाहेर नळापाशी तिला विचारलं, खेळ कोणी शिकवला. मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकूने, म्हणाली. ती दुसऱ्या कोणाशी खेळतच नाही.

"तिचं माहेर कुठलं?"

"ते ती सांगत नाही. काऊन?"

काही नाही म्हटलं आणि पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर रजा कळवली आणि मंचेरियलच्या पहिल्या बसमध्ये बसले. पिशवीत बाबांचा पट घेतला होता. समोर मांडला की झालं, विचारावं काहीच लागणार नव्हतं.